नर्मदेचं पाणी आणि बाबांची दाढी

"इथलं पाणी फेसच धरत नाही रे," असं बाबा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी फारसं लक्ष दिलं नाही. हैदराबादला आल्यापासून त्यांना इथलं काहीच पटत नव्हतं. पोहे जाड, शेवेला चव नाही, शेजारी दार लावून बसतात, सकाळी पेपर उशिरा येतो. त्या यादीत आता पाण्याची भर पडली, एवढंच मला वाटलं.

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण नोकरीसाठी इंदूर सोडून हैदराबाद, पुणे, बंगलोरला गेलेले आहेत आणि कधी ना कधी आईवडिलांना तिकडे नेण्याची वेळ येते. माझ्यावर ती मागच्या मार्चमध्ये आली. बाबांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. उपचार वेळेवर मिळाले, बोलणं आणि चालणं परत आलं, पण उजवा हात पूर्वीसारखा राहिला नाही. रामबागेतल्या घराला कुलूप लावून मी दोघांना कोंडापूरच्या माझ्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. आईच्या बॅगेत देव होते. बाबांच्या बॅगेत सगळ्यात वर दाढीचं सामान होतं: पितळेची वाटी, लाकडी मुठीचा ब्रश, गोल डबीतला साबण आणि तुरटीचा खडा.

लहानपणी मला ही दाढी रोज बघायला मिळायची. सकाळी साडेसहाला ओसरीवर खिडकीच्या गजाला आरसा अडकवायचा, शेजारी रेडिओ, आणि वाटीत ब्रश फिरल्याचा खर्रर्र आवाज. बाबा तीस वर्षं बँकेत होते. सुट्टीच्या दिवशीही दाढी चुकली नाही. तोंडाला फेस लावून ते मधेच उठायचे, दूधवाल्याचा हिशोब करायचे, परत येऊन बसायचे, आणि फेस गालावर तसाच असायचा. यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

हैदराबादला तेच सामान आणि तोच माणूस होता, पण फेस टिकेना. बाबा बाथरूममध्ये स्टुलावर बसून डाव्या हाताने दाढी करायचे. हात हळू चालायचा. एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस विरून जायचा आणि खाली नुसतं पांढरट पाणी उरायचं. मग पुन्हा फेस, पुन्हा घाई. एकदा हनुवटीवर चांगलंच कापलं. त्या दिवशी त्यांनी टॉवेल बादलीत टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून दाढी करणं बंद केलं. आठवडा गेला, दहा दिवस गेले. आई स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "हात गेला त्याचं ते बोलून दाखवतात. पण दाढी सोडली, हे मला बरं वाटत नाही."

मी इंजिनिअर माणूस. बाजारातून तयार फेसाचा डबा आणला. बाबा म्हणाले, "हे काय, केकवरचं क्रीम?" तरी माझ्यासाठी एकदा वापरलं. पण त्या डब्याचं बटण दाबायला बोटांत जोर लागतो, तो नव्हता. मग मीच त्यांची दाढी करू लागलो. दोनदा करू दिली. दोन्ही वेळा ते डोळे मिटून बसले होते. तिसऱ्यांदा म्हणाले, "राहू दे. असंच ठीक आहे."

नोव्हेंबर आला. पेन्शनरांचा हयातीचा दाखला आता घरबसल्या फोनवरून देता येतो, पण बाबांनी ऐकलं नाही. "मी जिवंत आहे हे माझ्या शाखेत जाऊन सांगणार," म्हणाले. मी पंधरा दिवस घरून काम करण्याची परवानगी काढली आणि आम्ही तिघं इंदूरला आलो.

रामबागेतली पहिली सकाळ. घर सहा महिने बंद होतं, सगळीकडे धूळ. तरी बाबांनी आरसा खिडकीच्या गजाला अडकवायला लावला आणि नळाचं पाणी गरम करून आणायला सांगितलं. मी वाटीत फेस केला, जसा हैदराबादला करायचो तसाच. तो चांगला झाला. फार ग्रेट नाही, पण गालावर बसला आणि बसून राहिला. बाबांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "बघ. म्हणत नव्हतो?"

साबण तोच, ब्रश तोच, करणारा हातही माझाच. मग बदललं काय? पाणी बदललं होतं. पण आमच्या धंद्यात एक सवय लागते, दोन गोष्टी एकदम बदलल्या असतील तर दोष एकीवर ढकलायचा नाही. ओसरीवर पंखाही नव्हता. हैदराबादच्या बाथरूमचं दार उघडं ठेवलं की खोलीतल्या पंख्याचा वारा थेट बाबांच्या तोंडावर यायचा. वाऱ्याने फेस सुकतो, एवढं तर कपडे वाळत घालणाऱ्यालाही कळतं.

पाण्याचा जडपणा तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात. मी त्या मागवल्या. पट्टी बुडवायची आणि रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. रामबागेतल्या नळाच्या पाण्याचा रंग १२० च्या घराशी जुळला. अंगणातल्या बोअरच्या पाण्याचा मात्र त्याच्या दुपटीच्या पुढे गेला. हैदराबादला असलेल्या मित्राकडून आमच्या फ्लॅटचं पाणी तपासून घेतलं, तर तिथे पट्टीचा शेवटचा गडद रंग आला, ४२५. हे आकडे लिटरमागे मिलिग्रॅमचे. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी २०० पर्यंतचा जडपणा चांगला धरतात, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आमचं पाणी वाईट नव्हतं. ते फक्त साबणाला मानवणारं नव्हतं.

आई हे सगळं ऐकत होती. ती माहेरची नाशिकची, मराठी शाळेत शिकलेली. म्हणाली, "यात एवढं शोधायचं काय? आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणायचे. ज्यात फेस होतो ते सुफेन, ज्यात होत नाही ते दुष्फेन." मी इंदूरच्या हिंदी शाळेत 'कठोर जल' शिकलो आणि परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं. आईच्या शब्दात तर आमची सगळी अडचणच सांगितलेली होती.

घडतं ते असं. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबण त्यात गेला की आधी त्यांच्याशी जोडला जातो आणि त्याचा न विरघळणारा चिकट साका होतो. बादलीच्या कडेला जो पांढरा मेणचट थर बसतो, तो हाच. हे क्षार संपल्यावर जो साबण उरेल त्याचाच फेस होतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, त्यामुळे त्याचे बुडबुडे बारीक आणि दाट होतात. शिवाय पोटॅशियममुळे तो लवकर विरघळतो आणि ग्लिसरीनमुळे ओल धरून ठेवतो. अंगाच्या साबणाचा फेस लवकर बसतो तो याच फरकामुळे. पण पाणीच दुष्फेन असेल तर दाढीच्या साबणाचंही काही चालत नाही.

दाखल्याचं काम आटोपल्यावर बाबा म्हणाले, "चल, कटिंग करून येऊ." कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडून राजवाड्याकडे येताना एका गल्लीत त्यांचं नेहमीचं सलून आहे. दोन खुर्च्या, एक बाक, भिंतीवर आरसा. दुकानातले चाचा बाबांना पाहून आधी पाच मिनिटं नुसते बोलत राहिले. मग त्यांनी दाढीला सुरुवात केली आणि मी फक्त त्यांचे हात बघत बसलो.

ब्रश आधीच कोमट पाण्यात उभा होता. साबणावर त्यांनी चार थेंब पाणी टाकून ठेवलं आणि तोवर बाबांचा चेहरा गरम टॉवेलने ओला केला. ब्रश काढून दोनदा झटकला. मग साबणावर फिरवत राहिले, हलक्या हाताने, मला वाटलं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. ब्रशवर बुडबुडे नव्हते, दाट मलम होतं. ते वाटीत घेऊन दोन बोटं पाण्यात बुडवून शिंपडली, ब्रश फिरवला, पुन्हा शिंपडली, पुन्हा फिरवला. असं चार-पाच वेळा. शेवटी वाटीत घट्ट दह्यासारखा, चकाकणारा फेस होता. ब्रश उचलला की त्याचं टोक उभं राहत होतं.

मी घरी कसा करतो ते त्यांना सांगितलं. ब्रश पाण्यात बुडवायचा, साबणावर दहा सेकंद फिरवायचा, वाटीत घोटायचा. चाचा हसले. "भिया, आप तो साबुन को नहला रहे हो. पहले साबुन उठाओ, पानी बाद में पिलाओ."

मी आणखी एक चूक करत होतो. तुरटीचा खडा ज्या वाटीत भिजवायचो, तीच वाटी नीट न धुता फेसाला घ्यायचो. चाचांनी कपाळावर हात मारला. तुरटीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो आणि ती आंबट असते, ती साबणाला फोडते. दाढी झाल्यावर कापल्या जागी लावायला ती उत्तम, पण फेसाच्या वाटीच्या आसपाससुद्धा नको. म्हणजे पाण्याबरोबर दोष माझ्या हाताचाही होता.

परत येताना बाबा म्हणाले, "एवढं पाणी-पाणी चाललंय तुझं, तर येतं कुठून ते तरी बघ." म्हणून रविवारी गाडी काढली. आपल्यापैकी किती जणांनी हा रस्ता पाण्यासाठी म्हणून पाहिलाय माहीत नाही. महेश्वरला आपण सगळेच जातो, साड्या घेतो, घाटावर फोटो काढतो. या वेळी आम्ही महूवरून जाम दरवाज्याच्या वाटेने उतरलो. १७९१ साली अहिल्याबाईंनी बांधलेला हा दरवाजा विंध्याच्या अगदी कड्यावर उभा आहे. मागे माळव्याचं सपाट पठार, पुढे खोल खाली निमाड. थंडीच्या धुक्यात निमाडची शेतं नुसती ठिपक्यांसारखी दिसत होती.

बाबा दरवाज्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "आता विचार कर, एवढ्या खालून पाणी वर आणायचं." इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि मंडलेश्वरची नर्मदा त्याच्या सुमारे चारशे मीटर खाली. मंडलेश्वरजवळच्या जलूदला पाणी उचलतात, पंपांनी टप्प्याटप्प्याने घाट चढवून वांचू पॉइंटला आणतात आणि तिथून ते उताराने इंदूरकडे येतं. सगळं मिळून सत्तर किलोमीटरच्या आसपास.

१९७० साली या पाण्यासाठी इंदुरात मोठं आंदोलन झालं. अभ्यास मंडळाची माणसं त्यात पुढे होती. बाबा तेव्हा पंधरा वर्षांचे होते. मोर्च्याच्या मागे मागे राजवाड्यापर्यंत गेल्याचं आणि घरी आजोबांचा मार खाल्ल्याचं त्यांनी मला त्या पायरीवर बसून पहिल्यांदा सांगितलं. पुढे १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरला पोचलं.

"आणि त्याआधी?" मी विचारलं.

"त्याआधी यशवंत सागर, बिलावली, आणि उन्हाळ्यात ते आटले की वाड्यातली विहीर. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही. तुझी आजी तुरीची डाळ चुलीवर ठेवून दोन घरं फिरून यायची, तरी दाणा कच्चाच."

"मग आजोबा दाढी कशी करायचे?"

बाबा जरा थांबले. मला वाटलं, शब्द सापडत नाहीये. झटक्यानंतर कधी कधी तसं होतं. पण ते आठवत होते. "बंबातलं पाणी घ्यायचे. खळखळ उकळलेलं. ते तांब्यात काढून निवत ठेवायचे आणि मग वरचं वरचं वाटीत घ्यायचे. तळाचं ओतून द्यायचे. बंबाच्या आत पांढरी खपली धरायची, ती दिवाळीआधी खरवडून काढायचं काम माझं."

मी थक्क झालो. पाण्यातल्या जडपणाचा एक भाग उकळल्याने खरोखर जातो. बायकार्बोनेटचा न विरघळणारा कार्बोनेट होतो आणि तळाशी बसतो. बंबातली खपली म्हणजे तोच. गीझरचं पाणी तेवढं तापत नाही, म्हणून त्याने हे काम होत नाही. आजोबा रसायनशास्त्र शिकलेले नव्हते. होळकरांच्या काळात कचेरीत कारकून होते. पण कुठल्या पाण्याला फेस धरतो हे त्यांना माहीत होतं, आणि बाबांनाही. मी मात्र सहा महिने त्यांचं बोलणं म्हाताऱ्या माणसाची कुरकुर समजत होतो.

महेश्वरला अहिल्या घाटावर दुपारी गर्दी कमी होती. बाबांनी पिशवीतून वाटी काढली. सकाळी निघायच्या घाईत दाढी राहिली होती. नदीत साबण जाऊ नये म्हणून आम्ही वरच्या पायऱ्यांवर एका ओसरीत बसलो आणि मी तांब्याभर पाणी आणलं. चहावाल्याने ते कोमट करून दिलं. चाचांनी दाखवलं तसा मी फेस केला, साबणावर पूर्ण चाळीस आकडे मोजून. मग ब्रश बाबांच्या हातात दिला, उजव्या हातात.

फिजिओथेरपीवाल्या ताई रोज सांगायच्या, मनगट गोल फिरवा. त्या रबरी चेंडूशी बाबांचं कधी जमलं नाही. ब्रश मात्र त्यांनी गालावर गोल फिरवला. हळू, थांबत, पण फिरवला. मग डाव्या हातात रेझर घेऊन दाढीला सुरुवात केली. मी फोन काढून वेळ बघायला लागलो, सवयच आहे. एक गाल झाला तेव्हा सहा मिनिटं झाली होती आणि दुसऱ्या गालावरचा फेस लावला तसाच होता. बाबा थांबले, नदीकडे बघत बसले. पलीकडून एक नाव येत होती, ती किनाऱ्याला लागेपर्यंत बघितली. मग दुसरा गाल घेतला. मला काही करावं लागलं नाही. फक्त मान वळवली की मागे केस राहिलेत का ते सांगायचं होतं.

आता आम्ही परत हैदराबादला आहोत. नर्मदा तर इथे आणता येत नाही. आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं. पण एका दाढीला पाणी लागतं ते किती? वाटीभर. स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरच्या पाण्यावर पट्टीचा रंग जवळजवळ बदलतच नाही. रोज रात्री मी त्यातलं वाटीभर पाणी झाकून ठेवतो. ज्यांच्याकडे आरओ नाही, त्यांनी पाणी पाच-दहा मिनिटं खळखळ उकळून, निवल्यावर वरचं तेवढं घ्यावं. आजोबांची पद्धत आहे, फुकट आहे.

कुणाला करून बघायचं असेल तर आमचा क्रम असा. ब्रश दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजवायचा, उकळत्या नाही. तोवर साबणावर चार थेंब पाणी. चेहरा आधी नीट ओला करायचा, कारण कोरडी कातडी फेसातलं पाणी ओढून घेते. ब्रश झटकून साबणावर तीस-चाळीस सेकंद, केस न दाबता. मग वाटीत थेंब-थेंब पाणी घालत मिनिटभर घोटायचं. फेस निस्तेज दिसला आणि ब्रश ओढल्यासारखा वाटला तर पाणी कमी. मोठे बुडबुडे दिसले आणि फेस ओघळला तर पाणी जास्त किंवा साबण कमी. बहुतेकांचं चुकतं ते साबण कमी घेण्यात. हवा कोरडी असेल तर वाटीत ग्लिसरीनचे दोन थेंब. पंखा बंद. तुरटी लांब. आणि उरलेला फेस धुऊन टाकायचा नाही, ब्रश तसाच उभा ठेवायचा, दुसऱ्या हाताला उपयोगी पडतो.

फेस घोटण्याचं काम आता बाबांनी स्वतःकडे घेतलं आहे. उजव्या हाताने करतात. पहिल्या आठवड्यात वाटी दोनदा पडली, म्हणून आईने तिच्याखाली ओला फडका ठेवायला सुरुवात केली. आता पडत नाही. ऑफिसची सकाळची मीटिंग सुरू व्हायच्या आधी मला आतून तो खर्रर्र आवाज येतो.

काल त्यांना सगळी दाढी करायला अकरा मिनिटं लागली. बाहेर येऊन हनुवटीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "बघ रे, कुठे राहिली का?"

"डाव्या कानाखाली थोडी आहे."

त्यांनी तिथे बोट लावून पाहिलं. "असू दे," म्हणाले. "उद्या काढू."